कडुनिंबापर्यंत आलेली वायर

जानराव कोणाच्याही घरी गेले की आधी माणसं पाहत नाहीत. वायर कुठून आत आली ते पाहतात आणि नजरेनं तिच्या टोकापर्यंत जातात. मग म्हणतात, "हं. आता चहा मांडा."

वायर दातांनी सोलतात. बायको, आशाबाई, ओरडतात, तरी सोलतात.

कुठंही वायर बसवली की शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहितात.

फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत. "बोला, लाइन चालू हाय" म्हणतात. आणि फोन आधी कधीच ठेवत नाहीत. समोरच्यानं ठेवल्याची खात्री झाली की मगच. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होते. आपल्या हातानं चालू लाइन तोडायची त्यांना सवयच नाही.

हे सगळं प्रणाली लहानपणापासून पाहत आली. शेजारचंच घर, मोर्शीच्या टोकाला, जिथं वस्ती संपते आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. ती अमरावतीहून मराठीत एम.ए. करून परत आली, त्याच महिन्यात जानरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. ती त्यांना आबाजी म्हणते.

हात हळूहळू आला. पाय येईना. डॉक्टर म्हणाले, "या सहा महिन्यांत चाललात तर चालाल."

लेक रागिणी अकोल्याला फिजिओथेरपिस्ट. रोज संध्याकाळी पाचला ती व्हिडिओ कॉल लावायची आणि बाप वॉकर धरून चालायचा. फोन वॉकरला तारेनं बांधलेला. ती पकड जानरावांनी डाव्या हातानं वळवली होती. कॅमेऱ्याचं तोंड खाली. रागिणीला बापाचा चेहरा दिसायचा नाही, पाय दिसायचे.

"उजवा उचला बाबा. घासू नका. नऊ. दहा."

घर लांबच लांब. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, अंगण, गोठा, मग बाग. भिंती दीड हात जाड. मोबाइलचं नेटवर्क या टोकाला नावापुरतं, आणि राउटर बैठकीत. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर चित्र थिजायचं, आवाज जायचा. जानराव मटकन खाली बसायचे. आशाबाईंनी तिथं स्टूलच आणून ठेवलं.

"मी मोजतो ना," आशाबाई म्हणायच्या.

"तुह्या बारानंतर पंधरा येते."

"मंग बरंच हाय न. लवकर पोचसान."

जानराव हसायचे, पण उठायचे नाहीत. रागिणीच्या आवाजाशिवाय त्यांचा पाय उचलतच नव्हता. महिना गेला. उंबरा ओलांडला नाही.

प्रणालीनं दुकानातून वाय-फाय पुढं पसरवणारे आणखी दोन अ‍ॅक्सेस पॉइंट आणले. जानराव राउटरसकट सगळ्यांना डबेच म्हणायचे. तिनं एक डबा स्वयंपाकघरात लावला, एक गोठ्यापाशी, आणि हौसेनं तीन नावं दिली: बैठक, चूल, गोठा. उंबऱ्यावर कॉल पुन्हा तुटला.

स्टुलावर बसूनच जानराव म्हणाले, "एका घरात तीन गावं काहून वसवली वो पोरी? फोननं जावं कुठं?"

तिनं तिन्ही डब्यांना एकच नाव दिलं, एकच पासवर्ड. आता कॉल स्वयंपाकघरापर्यंत रखडत यायचा आणि तिथं, ऐन डब्याखाली, मरायचा. जानरावांनी तिला फोन घेऊन घरभर चालायला लावलं. दर पाच पावलांवर ती सिग्नलच्या रेघा वाचून दाखवायची. दोन दिवस हेच.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डबे चांगले हायेत. फोन हेकट हाय. चुलीपाशी येऊनही बैठकीचंच बोट धरून राहते. डब्यांचा जोर कमी कर."

"कमी? आबाजी, दुकानदार जास्त जोराचे घ्या म्हणत होता."

"त्याले डबे इकाचे हायेत. मले चालाचं हाय. बैठकीचा जोर मधल्या खोलीत विरला पायजे. मंग फोन तिचं बोट सोडते, अन् चुलीचं धरते."

अकोल्याहून रागिणी हसली. "बाबा, हे लाइनमनचं गणित चालत नाही इथं."

"तू पाय मोज."

प्रत्येक डब्यापर्यंत नवी वायर टाकली. प्रणाली शिडीवर, जानराव स्टुलावर. "डावीकडं. अजून डावीकडं. तुह्या एम.ए.त डावं-उजवं नव्हतं का वो?" मग प्रणालीनं सेटिंगमध्ये जोर मध्यमवर आणला.

पाच वाजता जानराव उठले. उंबरा आला. चित्र हललंसुद्धा नाही.

"एकवीस," रागिणी म्हणाली.

स्वयंपाकघरात चौतीस झाले. आशाबाई चहा उतू जाऊ देऊन मागं आल्या. गोठ्यापाशी एकोणसाठ झाले आणि तिकडून पुढचा आकडा येईना. लाइन गेली असंच सगळ्यांना वाटलं. जानरावांनी कान लावला. रागिणी रडत होती.

"लाइन चालू हाय ना?"

"हाय बाबा. साठ."

मग चौथा डबा आला. तो बागेतल्या मोटारीच्या खोलीत लावायचा होता. म्हणजे संत्र्यांपर्यंत जाता येईल. पांढऱ्या पाइपातून वायर कडुनिंबापर्यंत आली. उरलेलं वेटोळं फांदीला टांगलं. जानरावांनी टोक सोलून ठेवलं. "पुढचं सोमवारी खोदू."

त्याआधीच्या रविवारी ते कडुनिंबाखाली पोचले तसा आवाज तुटायला लागला. "शंभर... बाबा... उज..." प्रणाली स्टूल घेऊन धावली.

जानराव थांबले. वाकले. अंगठ्यानं लाल बटण दाबलं.

प्रणाली स्टूल हातात धरून उभीच राहिली. एकतीस वर्षं लाइन जोडणाऱ्या माणसानं लाइन कापली होती.

"आबाजी, तुम्ही कापला?"

ते पुटपुटत पुढं निघाले होते. "एकशे एक. एकशे दोन." उजवा पाय मातीत थोडा घासत होता. पहिल्या संत्र्याच्या झाडाला हात लागला तेव्हा त्यांच्या हिशोबानं एकशे सव्वीस झाले होते.

"बुढ्यानं मधले तीन खाल्ले," मागून आशाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

परत गोठ्यापाशी आले तोच फोन वाजला. "काय झालं बाबा? पडले का?"

"पडलो नायी. कामात होतो."

त्याला आता दोन महिने झाले. सोमवारी कोणी खोदलं नाही, पुढच्या सोमवारीही नाही. रोज पाचला कॉल येतो, कडुनिंबाखाली जानराव तो ठेवतात आणि बागेत जातात. चौथा डबा खोक्यासकट कपाटावर आहे. प्रणाली आठवण करून देते. "लावू न," जानराव म्हणतात. "घाई काय हाय?"

वायर अजून फांदीला टांगलेली आहे, टोकाच्या आठ रंगीत तारा उघड्या. खाली पांढऱ्या पाइपावर पेन्सिलीनं तारीख घातली आहे, त्या रविवारची.