‘आय ॲम कमिंग’ म्हणून गेलेली बाई

मुलीच्या शाळेत शिक्षिकेची जागा मागायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी माझी मराठी माध्यमातली पदवी उलटसुलट करून पाहिली. नाही म्हणाल्या नाहीत, पण अट घातली. कतारच्या दोह्यात अमेरिकन पद्धतीचं एक संध्याकाळचं कॉलेज होतं. तिथून समाजशास्त्राची ओळख, एखादी परकी भाषा आणि भाषणकला, असे तीन विषय जूनपर्यंत पास व्हायचे. झाले तर नव्या वर्षी वर्ग माझा. "नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेतच," असंही त्या गोड आवाजात म्हणाल्या. ते मला भलतंच झोंबलं. त्याच आठवड्यात मी कॉलेजात नाव घातलं.

ही दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही दोह्यातल्याच अल अझीझिया भागात एका फ्लॅटमध्ये राहायचो. नवरा रास लफानला गॅस प्लँटवर, शिफ्ट ड्यूटी. परकी भाषा म्हणून अरबी घेणार होते, पण तो वर्ग नेमका यांच्या शिफ्टच्या वेळी, आणि मुलीला एकटं कुठे ठेवणार? म्हणून स्पॅनिश घेतली. कऱ्हाडहून भावाने फोनवर विचारलं, "आगं, तिथं स्पॅनिश बोलतं कोण?"

"मी," असं सांगून मी फोन ठेवला.

स्पॅनिश आणि समाजशास्त्राचं मला काही वाटलं नाही. पाठांतरात आमचा हात कोण धरणार? घोडं अडलं ते भाषणकलेपाशी. शिकवणाऱ्या अमेरिकन मॅडम उंच, हसऱ्या. प्रत्येकाला "ग्रेट" म्हणायच्या आणि मग गुण मात्र हात आखडून द्यायच्या. सहामाहीत दोन भाषणं, दोन्हींचे गुण मिळून निकाल.

पहिल्या भाषणात एखादी कृती समजावून सांगायची होती. मी सुती साडीला खळ कशी करायची ते सांगितलं. साबुदाणा शिजवण्यापासून साडी झटकून वाळत घालण्यापर्यंत सगळं बिनचूक झालं. एक फिलिपिनो नर्स तर लिहून घेत होती. फक्त शेवटचं पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी विसरले. आता संपवायचं कसं? तोंडातून आपसूक निघालं, "ओके, आय ॲम कमिंग." आणि घशाला कोरड पडली होती म्हणून सरळ वर्गाबाहेर पाणी प्यायला गेले.

झक्क झालं आपलं भाषण, या खुशीत मी कूलरपाशी उभी होते. बऱ्याच वेळाने मॅडम बाहेर आल्या. सगळा वर्ग माझी वाट बघत गप्प बसला होता. साडी नेसून दाखवायला गेले असेन, असं त्यांना वाटलेलं.

"तुम्ही कधी येताय?" मॅडमनी विचारलं.

"कुठे येऊ?" मी म्हटलं. "मी तर गेले."

वर्ग हसून लोटपोट झाला. गुणांच्या कागदावर समारोपापुढे भोपळा होता आणि एकूण गुण पासच्या बरेच खाली.

घरी येऊन यांना सांगितलं तर यांना हसताना चहाचा ठसका लागला. मुलीने इंग्रजीतून समजावलं, की मम्मी, तिथे ‘आय ॲम गोइंग’ म्हणायचं.

"जाते म्हणू? भरल्या वर्गात?" मी भडकले. "असलं अभद्र मी बोलणार नाही."

"अगं, पण इंग्लिशमध्ये अभद्र नाही ते," हे म्हणाले.

"माझ्या तोंडात आहे."

त्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठले. हसल्याचा राग नव्हता. माझा वर्ग त्या दुसऱ्या बाईकडे जाणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या सरांनी एक धडा घेतला. माणसं कितीतरी नियम पाळतात. ते कुठे लिहिलेले नसतात, कुणी शिकवत नाही, पण कुणी एखादा मोडला की अंगावर काटा येतो. मी मान वर करून बघतच राहिले. म्हणजे माझं इंग्रजी चुकलं नव्हतं, मी नियम पाळला होता! स्पॅनिशच्या वर्गात निरोपाचे शब्द चालू होते. ‘आस्ता मान्याना’ म्हणजे उद्यापर्यंत. घ्या, म्हणजे ही माणसंसुद्धा सरळ ‘जातो’ म्हणत नाहीत. मी वहीत जोरात रेघ ओढली आणि दुसऱ्या भाषणाचा विषय ठरवून टाकला.

मॅडमना तो पसंत नव्हता. "तुम्हाला पास व्हायला बरेच गुण हवेत. सीट बेल्टवर बोला, सोपं आहे," त्या काळजीने म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. पण सीट बेल्टबद्दल मला काडीचंही प्रेम नव्हतं. मी ऐकलं नाही.

भाषणाच्या दिवशी सुरुवातीलाच मी वर्गाला विचारलं, तुमच्या घरी दारातून निघताना काय म्हणतात? पहिल्या बाकावरची कतारी बाई म्हणाली, "फी अमानिल्लाह," म्हणजे देवाच्या हवाली. फिलिपिनो नर्स म्हणाली, "इंगात," जपून राहा. मग मी माझं सांगितलं. आमच्यात निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि राहणारा ‘या’ म्हणतो. ‘जातो’ म्हणत नाहीत, कारण तो शब्द आम्ही परत न येणाऱ्यांसाठी ठेवलाय. एकदा पहाटे यांच्या तोंडून घाईत "चल, जातो" निघालं. मी जिन्यातून परत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं, नीट "येतो" म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं. कंपनीची बस तोवर निघून गेली होती.

वर्ग हसला. पण या वेळी मी हसवलं होतं म्हणून हसला. अंगात बळ आलं.

मग वडिलांचं सांगितलं. मी पहिल्यांदा दोह्याला निघाले तेव्हा ते टॅक्सीच्या खिडकीशी वाकून नुसतं "ये" म्हणाले होते. मी "येते" म्हटलं होतं. शब्द दिला म्हणून दर सुट्टीत, तिकीट कितीही महाग असो, मी गेले. "या वर्गातल्या प्रत्येकाने विमानतळावर कुणाला तरी मागे ठेवलंय," मी म्हणाले. "त्यांना आपण काय सांगून आलो, ते पाळू या. थँक्यू."

आणि समारोप झाला म्हणून मी जागची हलले नाही. नर्स डोळे पुसत होती. कतारी बाई उठून टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच. मॅडम या वेळी "ग्रेट" म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या.

निकालात तिन्ही विषय पास, आणि दुसऱ्या भाषणाचे गुण वर्गात सर्वांत जास्त. यांना प्लँटवर फोन लावला तर आनंदाने मला बोलताच येईना. "काय झालं ते सांग तरी," हे पलीकडून ओरडत होते. मुख्याध्यापिकाबाईंसमोर मी निकालाचा कागद ठेवला आणि त्यांनी बसा म्हणण्याआधीच खुर्चीवर बसले. त्यांनी कागद वाचला, भाषणाच्या गुणांवर त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "पाचवीचा वर्ग घ्याल?"

सुट्टीनंतर शाळा उघडली. मी इस्त्रीची कडक साडी नेसून वर्गात शिरले. पोरं धडाधड उभी राहिली आणि सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग, मॅम." मी टेबलापाशी गेले, सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि म्हटलं, "सिट डाउन." आवाज असा काही लागला, की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा खाली बसली.