लिलावातला भोपळा

पाथरीच्या स्टँडजवळ माझ्या ओळखीचा एक जण पंक्चर काढतो. ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं पाणी चार-चार दिवस बदलत नाही, कारण त्याच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. एकदा माझा पाय लागून ते सांडलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

चर्चमधल्या कापणीच्या सणाला यंदा त्याने मला नेलं. लोकांनी आणलेलं धान्य, भाजी, कोंबड्या यांचा तिथे लिलाव होतो आणि पैसा दानाला जातो. यंदाचा पैसा आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावात विहीर खोदायला जाणार होता. त्याने स्वतःच्याच वेलाचा भोपळा चढ्या बोलीने विकत घेतला आणि दानात आणखी भर पडावी म्हणून पुन्हा लिलावाला ठेवला.

दुसऱ्या दिवशी न राहवून मी विचारलं, "ते गाव बघितलंय तरी का तुम्ही?"

"न्हाई सर," ट्यूब घासता घासता तो म्हणाला. "आमच्या बोरी गावात मिशनची हीर हाय. तिच्याच पाण्यावर आमी वाढलो. त्या हिरीला ज्यांनी पैसे धाडले, त्यांनी तरी बोरी कुठं बघितली व्हती?"

मग तो घमेल्यात वाकून बुडबुडे शोधू लागला. मी माझा पाय जपून मागे घेतला.