चौथ्या माळ्यावरचं पाणी

मी हेकट माणूस आहे. हे मी सांगून नाही राहिलो, रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात कोणालेही विचारा. बायको तं माझ्याकडे पाहूनच म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिले मले या गोष्टीचा गर्व होता.

आमच्या घरात एक रीत होती. लेक सासरी गेली की तिले लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आजानं पाळली, बापानं पाळली. आमचे छत्तीसगढी शेजारी तं जन्मभर बेटीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आमचं आपलं नातवंडापर्यंतच. म्हणजे आम्ही त्यातले सुधारलेले, असं मी चारचौघांत हसत हसत सांगायचो.

लेक विशाखापट्टणमले दिली. जावई भिलाईच्या मराठी घरातला, तिकडे बंदरात नोकरीले. रायपूरहून एका रात्रीची गाडी. मी वर्षातून दोनदा जायचो अन् सोबत दशम्या, चिवडा अन् पाण्याची कॅन बांधून न्यायचो. बायको पहिल्याच फेरीत पोरीच्या हातचा चहा पिली. "माझ्या पोटची आहे, तिच्या घरचा चहा मले काही बाधत नाही," म्हणे. मी मात्र ताटासमोर बसून आपला डबा उघडायचो. लेक काही म्हणायले लागली की ठरलेलं उत्तर होतं, "नातू झाला की पोटभर पिईन, बाई." गंमत करायचो मी. लग्नाले सहा वर्षं होऊन गेली, तरी माझी गंमत तीच. पोरगी दर वेळी थोडीशी हसायची अन् स्वयंपाकघरात जायची. मले वाटायचं, कामाले गेली.

मग ते वादळ आलं. टीव्हीवर समुद्र दिसत होता, झाडं दिसत होती, फक्त आमचे दोघे दिसत नव्हते. फोन बंद. बायको चार दिवस मोबाईल मांडीवर घेऊन बसली. पाचव्या दिवशी लागला. पहिले जावई बोलला, मग दोघी मायलेकी बोलल्या. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली अन् बराच वेळ आतच होती. बाहेर आली तं डोळे सुजलेले. मी म्हटलं, अव, पोरं सुखरूप आहेत ना, मग आता काहून रडून राहिली?

जावई मले एवढंच म्हणाला होता, "बाबा, बाकी सब ठीक, पानी की दिक्कत है." त्यांच्या बिल्डिंगचा पंप तळघरात. तिथे समुद्राचं पाणी शिरलं अन् मोटर बुडाली. सारे लोक रस्त्यावरच्या टँकरवरून बादल्या भरून वर नेत होते. मोटर म्हटलं की माझा हात शिवशिवते. भनपुरीत मोटर वायंडिंगचं दुकान टाकून माझी चाळीस वर्षं गेली, सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या जळक्या मोटरी मी जिवंत केल्या. मी हत्यारं भरली. बायकोचे गुडघे गेलेले, चार माळे चढणं तिच्या बसचं नव्हतं, नाहीतर ती माझ्या आधी गाडीत बसली असती.

तिनं रात्रभर बसून डिंकाचे लाडू केले. मी म्हटलं, एवढ्या गरमीत डिंक? "गप्प न्या," म्हणे. "अन् तिले पायऱ्या चढू देऊ नका. अन् या वेळी तरी पोरीच्या हातचं पाणी पिऊन या."

मी म्हटलं, "नातू झाला की."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मले वाटलं आता ही काहीतरी फेकून मारते. पण ती तशीच उठली अन् आत गेली.

विजयनगरम सोडल्यावर खिडकीतून पाहवत नव्हतं. नारळाची झाडं एकाच बाजूले निजलेली, मैलोगणती. शहरात एका झाडाले पान म्हणून नव्हतं. नऊ दिवस झाले होते, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत करवतीचा आवाज सुरूच. सडलेल्या पानांचा वास साऱ्या रस्त्यांवर. कावळ्यांले बसायले फांदी नव्हती, ते बिचारे लोकांच्या स्कूटरवर बसायचे. दुधाची रांग वेगळी, टँकरची वेगळी. एका दुकानदारानं जनरेटर लावला होता, त्याच्या फळीवर पन्नासेक मोबाईल चार्जिंगले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. लोक भांडत नव्हते. मले त्याचंच जास्त वाईट वाटलं. भांडायची ताकदच नव्हती राहिली कोणात. अन् समुद्र? तो शांत पडला होता, जसं काही केलंच नाही. मी त्याले एक चांगली रायपुरी शिवी दिली.

लेक फिकी पडली होती. घरातही पायात चप्पल, डोक्याले रुमाल, चेहरा पांढरा. मी म्हटलं, काय अवतार केला, जेवतेस का नाही? लाडू दिले. तिनं डबा उघडून पाहिला अन् लगेच बंद केला. मले वाटलं, पोट्टीले आवडले नाहीत.

लाईट आदल्या दिवशीच आली होती. मी मोटर तळघरातून वर काढून अंगणात खोलली. खारं पाणी शिरलेली मोटर तशीच सुकवली तं मेली समजा. मीठ आत राहते अन् तांब्याच्या तारा खाऊन टाकते. तिले आधी गोड्या पाण्यानं धुवा लागते, एकदा नाही, तीन-चार वेळा. त्या दिवशी टँकर येणार नव्हता. मी चौथ्या माळ्यावर गेलो. न्हाणीघरात अर्धा ड्रम पाणी होतं. मी विचारलं सुद्धा नाही. घरचंच तं आहे, असं म्हणत चार बादल्या खाली नेल्या अन् मोटरीवर ओतल्या. लेक दारात उभी राहून पाहत होती. ते पाणी जावयानं ड्युटीवरून आल्यावर दोन-दोन बादल्या करून चढवलेलं होतं. आठवड्यापासून तो बायकोले पायरी चढू देत नव्हता. मी मनात म्हटलं, जावई चांगला आहे, पण पोरीले लाडावून ठेवलं.

दोन दिवस मोटर उन्हात ठेवली, संध्याकाळी दोनशे वॅटचे बल्ब लावून शेकली, दोन कॉइल नवीन भरल्या, वार्निश मारलं, बेअरिंग बदलले. तिसऱ्या दिवशी खालची टाकी धुऊन टँकरचं पाणी भरलं अन् बटन दाबलं. वर छतावर पाणी पडल्याचा आवाज आला, अन् बाप्पा, साऱ्या बिल्डिंगच्या बाया जिन्यात येऊन टाळ्या वाजवायले लागल्या! खालच्या माळ्यावरची तेलुगू म्हातारी माझ्यासाठी स्टीलच्या वाटीगिलासात कॉफी घेऊन आली. तिची भाषा मले येत नाही, माझी तिले येत नाही. मी ती कॉफी घटाघट पिलो. हात पुसत वर पाहिलं तं लेक कठड्याशी उभी.

हत्यारं आवरून दोन तासांनी मी चार माळे चढून गेलो तेव्हा अंगातून घामाच्या धारा. तिनं पितळेचा पेला पुढे केला. नळाचं पहिलं पाणी, उकळून गार केलेलं.

"बाबा, आज तो पी लो," म्हणाली. आमची पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते.

अन् माझ्या तोंडून काय निघावं? जित्याची खोड. "नातू झाला की, बाई."

ती हसली नाही या वेळी. तिथेच उभी राहून, एक एक शब्द वेगळा करून मराठीत म्हणाली, "मोटर धुवायले माझं पाणी चालते. खालच्या आजीची कॉफी चालते. माझ्या हातचं नाही चालत."

तिनं ते पाणी फेकलं नाही. त्या शहरात तेव्हा कोणी पाणी फेकत नव्हतं. पेला परत भांड्यात ओतला अन् झाकण ठेवलं. मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघालो. मलेच राग आला होता, पहा. एवढा जीव काढून मोटर सुरू करून दिली, अन् वरून हे ऐकून घ्या!

घरी येऊन बायकोपुढे तक्रार केली, पोट्टी उलटून बोलली म्हणून. बायको तांदूळ निवडून राहिली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तिले तीन महिने होते," म्हणाली. "वादळाच्या तिसऱ्या दिवशी गेलं. जावई बंदरात अडकलेला, घरात थेंब नाही, म्हणून ती बादल्या चढवत राहिली. पोटात दुखायले लागलं तेव्हा रस्त्यावर झाडं आडवी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं."

मी म्हटलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"ती नको म्हणाली. अन् काय सांगणार होती तुम्हाले? तुम्ही त्या लेकराले पाण्याची अट घालून बसले होते."

पुढचे आठ दिवस मी दुकानात गेलो, बसलो, परत आलो. हातात मोटरीचा स्टेटर घ्यायचा अन् तसाच ठेवून द्यायचा. एका गिऱ्हाइकानं विचारलं, भैया, तबियत ठीक है? मी हव म्हटलं अन् वार्निश सुकवायच्या भट्टीमागे जाऊन रडलो. बाप मेला तेव्हा नव्हतो रडलो इतका. डोळ्यापुढून एकच गोष्ट हटत नव्हती. पोरीनं डिंकाच्या लाडवाचा डबा उघडला होता अन् लगेच बंद केला होता. बाळंतिणीले देतात ते लाडू. मले नव्हतं समजलं, तिले समजलं होतं. अन् त्या तोंडावर मी तिले म्हटलं, नातू झाला की.

नवव्या दिवशी मी बायकोले म्हटलं, जाऊन येतो. ती दशम्यांचं पीठ काढायले लागली. मी म्हटलं, "राहू दे. डबा नको. कॅन पण नको." तिनं पीठ परत ठेवलं अन् पदरानं डोळे पुसले.

विशाखापट्टणमच्या झाडांले आता कुठे कुठे पालवी फुटली होती, पण फांद्यांले नाही, सरळ बुंध्यातूनच. अर्ध्या खिडक्यांले काचेच्या जागी निळी ताडपत्री होती. बिल्डिंगमध्ये शिरताना माझ्या मोटरीचा आवाज ऐकला, चांगली चालून राहिली होती. लेकीनं दार उघडलं. "अचानक कैसे?" म्हणाली. मी म्हटलं, मोटर पाहायले आलो. ती बसा म्हणाली अन् आत गेली.

परत आली तं तिच्या हातात दुकानची सीलबंद बाटली होती अन् कागदी गिलास.

"दुकान की है, बाबा. घर की नहीं है," म्हणाली. "आपके लिए लाके रखते हैं अब." रागानं नाही म्हणाली. एकदम साध्या आवाजात म्हणाली. ती भांडली असती तं मले बरं वाटलं असतं. माझ्या हेक्याची तिनं सोय करून ठेवली होती, जशी आपण म्हाताऱ्या माणसाच्या काठीची करतो.

मी बाटली टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात गेलो. पितळेचा पेला पालथा होता, तो घेतला, भांड्यावरचं झाकण काढलं अन् पाणी भरून तिथेच उभ्या उभ्या पिलो. ती मागोमाग आली होती. तिनं माझा हात धरला.

"बाबा, अभी तो कुछ हुआ नहीं है," म्हणाली.

मी म्हटलं, "झालं होतं ना, बाई. तीन महिने मी आजा होतो. मले कोणी सांगितलंच नाही."

तिनं तोंडाले ओढणी लावली अन् ओट्याशी खाली बसली. मी पण गुडघे मोडून तिच्याजवळ बसलो. किती वेळ रडली माहीत नाही, मी मोजत नव्हतो. मग तिनं डोळे पुसले, माझ्या हातातला पेला घेतला अन् पुन्हा भरून दिला.