नेस्टा दगड उलटते

नेस्टा पॅरी आमच्या पॉन्टगारेग गावच्या शाळेत चौतीस वर्षं स्वयंपाक करत होती. खाटकाने आणलेलं मांस ती त्याच्या देखत पुन्हा तोलून घ्यायची, आणि सुट्टी लागण्याआधी चमचे मोजून कपाटाला कुलूप लावायची. लोक हसायचे. पण त्या शाळेतला चमचा कधी हरवला नाही, हेही खरं.

शाळेबाहेर तिचा जीव डी नदीत अडकलेला. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमी दोरा गळाला गुंडाळून ती मासे भुलवायला अशी माशी बनवायची, की पाण्यावर पडली की आम्हालाही ती खरी वाटावी. आमच्या गळवाल्यांच्या मंडळात तोवर एकही बाई नव्हती. तिने तीनदा अर्ज केला आणि तिसऱ्यांदा आम्ही तिला घेतलं. मी मंडळाचा चिटणीस. पहिले दोन अर्ज मीच बाजूला ठेवले होते.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती पुलाखालच्या डोहात मांडीपर्यंत उतरायची, दगड उलटायची आणि त्याला चिकटलेले किडे पांढऱ्या ताटात झटकून मोजायची. हेच किडे मोठे होऊन पंख फुटले की माश्या होतात आणि ट्राऊट, ग्रेलिंग हे आमचे मासे त्यांच्यावरच जगतात. आम्हाला वाटायचं, मासे सोडून किडे कसले मोजायचे?

त्या नोव्हेंबरात ग्रेलिंग गळाला लागेनात. ऐन हंगाम, पाणी नितळ, आणि डोहावर एकही वलय उठत नव्हतं. कोणी पाणकावळ्यांना दोष दिला, कोणी थंडीला. नेस्टा मंडळाच्या बैठकीत उठली आणि म्हणाली, "पुलाखाली मी चाळीस दगड उलटले. घासलेल्या ताटासारखे स्वच्छ. पाण्यात कोणीतरी काहीतरी ओततंय."

खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांच्या मनात नाव एकच होतं. इद्वाल. मेंढ्या पाळणारा शेतकरी; दोन मैलांचा काठ त्याच्या मालकीचा, त्याच्या मेहेरबानीवर आम्ही तिथे मासे धरायचो. आणि त्या पावसाळी शरदात त्याने अचानक फाटकाला साखळी आणि कुलूप घातलं होतं. लपवायचं काही नसेल तर कुलूप कशाला? हे मी स्वतः बोललो. पण त्याला विचारायची हिंमत कोणाची नव्हती. चिडून त्याने काठ बंद केला असता तर?

नेस्टाने विचारलं नाही. ती नदीच्या वरच्या अंगाला चालत निघाली, प्रत्येक शेताच्या बांधाला उतरून दगड उलटत. मेलिन ओढा नदीला मिळतो तिथे तिला कळायचं ते कळलं. संगमाच्या वर दगडाखाली किडे वळवळत होते, संगमाच्या खाली शुकशुकाट. ओढा इद्वालच्या अंगणातून येतो.

इद्वाल बाजाराला गेलेला दिवस साधून ती त्याच्या गोठ्यामागच्या पडवीत शिरली. मेंढ्यांना गोचिडीच्या औषधात बुचकळून काढायचा हौद प्रत्येक शेतकऱ्याकडे पूर्वी असायचा. ते औषध थेंबभर नदीत गेलं तरी किड्यांचा नायनाट होतो. तिला हौद सापडला. त्यात जुने टायर भरले होते आणि टायरांत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"काय शोधतेस?" मागून आवाज आला. इद्वाल लवकर परतला होता. दोघं शाळेत एका वर्गातली, त्यामुळे आढेवेढे घेण्यात अर्थ नव्हता.

"तुझं औषध," ती म्हणाली.

"आणि मी शोधतोय माझं डिझेल. सप्टेंबरपासून टाकीतून चोरीला जातंय. कुलूप काय उगाच घातलंय? या वाटेने तुमच्या मंडळाशिवाय येतं कोण?"

"म्हणजे आम्ही चोर?"

"आणि मी विष कालवणारा. फिटंफाट."

मग त्याने टायरांकडे बोट दाखवलं. सात वर्षं झाली, तो स्वतः मेंढ्या बुडवत नव्हता. चाकांवरचा हौद घेऊन एक माणूस येतो, दिवसात काम उरकतो आणि उरलेलं औषध घेऊन जातो. या दरीतल्या सगळ्या शेतांवर तोच जातो.

"कोण?" नेस्टाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर माहीत होतं, असं तिने मला पुढे सांगितलं.

"तुझा जावई, बाई. दुसरं कोण?"

गेथिन. तिच्या एकुलत्या लाउरीचा नवरा. कामसू माणूस, दोन लेकरांचा बाप, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारा. इद्वालच्या अंगणातून ती ओढ्याच्या कडेने डोंगराकडे चढली. दगड रिकामे, दगड रिकामे. डोंगररस्ता ओढ्याच्या उथळ पाण्यातून पलीकडे जातो त्या उतारापाशी येऊन ती थांबली. उताराच्या वर पहिल्याच दगडाला सहा किडे होते. उताराशेजारच्या गवतात जड गाडीच्या चाकांचे ठसे होते आणि गवताच्या पात्यांना ओल्या लोकरीचे पुंजके चिकटले होते.

रविवारी ती नेहमीसारखी लेकीकडे जेवायला गेली. भाजलेलं कोकराचं मांस होतं. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की काम संपल्यावर हौदातलं उरलेलं औषध जातं कुठे? गेथिनने बटाटा वाढून घेतला आणि सांगितलं, कंपनीचा टँकर येऊन नेतो. एवढंच. नेस्टा मला म्हणाली, "ज्याच्या मनात काही नसतं तो आधी विचारतो, का हो, तुम्हाला का हवंय? त्याने विचारलं नाही."

लाउरी मात्र आईकडे बघत राहिली. पुडिंग झाल्यावर नेस्टा घरी आली. रात्रभर तिने काय विचार केला ते तिने कोणालाच सांगितलं नाही. सोमवारी तिने शाळेतून नदीखात्याला फोन केला, जागा सांगितली, आणि आपलं नाव बाहेर येऊ नये एवढं मागितलं. दहा दिवसांनी भर दुपारी दोन अधिकाऱ्यांनी त्या उतारावर गेथिनला हौदाची नळी ओढ्यात सोडलेली असताना पकडलं. खटला झाला, दंड झाला, औषधाचा परवाना गेला, पेपरात फोटो आला.

आणि गावाने ठरवून टाकलं की चुगली इद्वालने केली.

ओढा त्याचा, फाटकाला कुलूप त्याचं, आणि गेथिनशी त्याची मागे एकदा बोलाचाली झालेली. गेथिन दारूच्या गुत्त्यात तसं उघड म्हणाला आणि कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही. कुणीतरी इद्वालच्या फाटकाच्या बिजागऱ्या काढून नेल्या. दुकानात त्याच्या मागे रांगेत उभे राहिलेले लोक गप्प व्हायचे. नेस्टाही त्या रांगेत असायची, आणि तीही गप्प असायची. अख्खा हिवाळा, अख्खा वसंत.

आमच्याकडे मेंढ्यांची लोकर कातरायची म्हणजे शेजारधर्म असतो. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. बायका लोकर गुंडाळायला येतात, अंगणात लांब टेबलं मांडतात. जूनमध्ये इद्वालची पाळी आली आणि त्याच्या अंगणात कोणी गेलं नाही. नेस्टा गेली. तिथे तो एकटाच, आणि बाहेरगावाहून आणलेले दोन भाडोत्री. टेबल एकच मांडलेलं.

तिने बाह्या सरसावून पाच तास लोकर गुंडाळली. निघताना विचारलं, "तू सांगितलं का नाहीस कोणाला? तुला तर माहीत होतं."

"मला कोणी विचारलंच नाही," इद्वाल म्हणाला. "सगळ्यांना आधीच माहीत होतं."

ती तशीच, लोकरीच्या तेलाने हात चिकट असताना, लेकीच्या घरी गेली आणि दोघांसमोर उभी राहून म्हणाली की फोन मी केला होता. गेथिनने चहाचा कप ठेवला आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला. लाउरी उभीच होती.

"मला आधी सांगायचं होतंस, आई."

"सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"हो," लाउरी म्हणाली. "थांबवलं असतं."

त्यानंतर चौदा महिने लेक आईच्या दारात आली नाही. नातवंडं शाळेत दिसायची, आजीच्या हातचं जेवायची, तेवढंच.

फोन नेस्टाने केला होता हे गावभर झालं, तेव्हा मंडळाने इद्वालला माफीचं पत्र लिहिलं. लिहिलं मी, न्यायचंही मलाच आलं. त्याने फाटकात उभं राहून ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "डिझेलचा चोर अजून सापडलेला नाही. कुलूप राहील." किल्ली त्याने नेस्टाला दिली. आम्ही बाकीचे अजून वळसा घालून, काटेरी कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांवरून जातो, आणि आमच्या डब्यांत डिझेल तर नाही ना, हे तो खिडकीतून न्याहाळतो.

किडे दुसऱ्या वसंतात परतले. ओढ्यात आधी, मग संगमाखाली, मग पुलापाशी. ग्रेलिंग यायला आणखी वर्ष लागलं, आणि पूर्वीइतके अजूनही नाहीत. गेथिन आता कुंपणं घालतो, दगडी बांध रचतो, काम चोख करतो. लाउरी येऊ लागली ती धाकट्याला गोवर झाला तेव्हापासून. त्या विषयावर मायलेकी बोलल्या का, मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात गेथिन नेस्टाकडे जळणाची लाकडं घेऊन आला. त्याने ती पडवीत नीट रचली. तिने दार उघडून चहा विचारला. उशीर होतोय, तो म्हणाला, आणि गेला. पुढच्या खेपेला थांबला, पण उभ्या उभ्या प्यायला.