अळणी जेवणाची वर्षं

मला बीपी नाही, कधीच नव्हतं. तरी लखनौमधल्या मानक नगरच्या आमच्या कॉलनीत मी बीपीचा पेशंट म्हणूनच ओळखला जायचो, आणि ती अफवा मीच पसरवली होती. एचआयव्ही निघाल्यावर रोज रात्री एक गोळी सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या वहिनींनी एकदा ती घेताना पाहिलं. "कसली गोळी, भावजी?" त्यांनी विचारलं आणि मी घाईघाईत बीपी म्हणून बसलो.

वहिनींचा जीव मोठा. एकटा माणूस आहे म्हणून दर रविवारी त्या मला जेवायला बोलवत. त्या दिवसापासून मीठ घालायच्या आधीच त्या माझी भाजी वेगळी काढू लागल्या. पापड बंद, लोणचं बंद, ठेचा तर माझ्या नजरेसही पडू देत नसत. बाकीचे तांबड्या रश्श्यावर ताव मारत आणि मी अळणी दोडका गिळत बसे. आजारानं छळलं नसेल एवढं मला त्या दोडक्यानं छळलं.

औषधानं मात्र आपलं काम चोख केलं. तपासणीत विषाणू सापडेनासा झाला. तब्येत सुधारली, पण मनातली धडधड जाईना. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई प्रत्येक वेळी म्हणत, "किसी एक को तो बताइए, सर." मला एकच नाव सुचायचं आणि तिथेच पाय अडायचा. वहिनींचं दार बंद झालं असतं तर लखनौत घर म्हणावं असं मला काही उरलं नसतं.

शेवटी एका रविवारी वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, बाजारात गेलेले असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं. वहिनींनी गॅस बंद केला.

"एका ताटात जेवून होतं का ते?"

"नाही. डॉक्टरांना विचारा हवं तर."

त्यांनी फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला ओटाच पुन्हा पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं.

"अच्छा. म्हणजे बीपी नाहीच?"

"नाही."

"आणि मी मेली इतकी वर्षं तुमची सब्जी वेगळी काढतेय? एवढी भीती वाटली आमची?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

त्यांचे डोळे भरले, पण आवाज कडकच राहिला. "ह्यांना तुम्हीच सांगा, तुमच्या सवडीनं. मी तोंड उघडणार नाही. गोळी किती वाजता घेता?"

"साडेनऊला."

"मग रोज नऊला खाली जेवायला यायचं. रविवारचं सोडा आता."

मी पाटावर बसलो आणि मला रडू कोसळलं. वहिनींनी गप्प बसा असं म्हटलं नाही. भाकरी वाढली आणि माझं रडून होईपर्यंत समोर बसून राहिल्या.