शिट्टीमास्तर आणि पिवळ्या छातीचा भारीट

शिट्टीमास्तरांना मास्तर म्हणून कुणी नेमलं नव्हतं. पत्र्याची चपटी शिट्टी दातांत धरून ते पिवळ्या छातीच्या भारिटाची अशी हुबेहूब शीळ घालत, की वरून चाललेला थवा गिरकी घेऊन लव्हाळ्यात उतरे. थेट जाळ्यात. उत्तरेकडच्या दलदलीत अंडी घालून ही पाखरं दर हिवाळ्यात इथं यायची, आभाळ झाकोळून टाकायची. बाजारपेठेतली बडी हॉटेलं वाट बघत असायची. खाणारे तोंड पुसून नामानिराळे झाले, पापाचं गाठोडं मात्र मास्तरांच्या डोक्यावर. वा रे न्याय!

थवे विरळ होत गेले, धंदा बसला. मास्तर सायकलच्या दुकानामागच्या खोलीत पंक्चर काढू लागले.

एके दिवशी पक्ष्यांचा अभ्यास करणारी मुलगी दारात आली. तिच्या नकाशावर भारिटाच्या मुलखाचा रंग निम्म्याहून जास्त पुसला गेला होता.

"काका, भारीट धरायचा, पायात नंबराची कडी घालायची आणि सोडायचा."

"सोडायचाच, तर धरायचा कशाला, पोरी?" मास्तर हसले. पण गेले.

"म्हातारपणी हे काय नवं खूळ?" बायकोनं विचारलं.

"इतके मारले या हातांनी. एक तरी उडताना बघायचाय."

"बघा. आणि जेवायला वेळेवर या."

दोन हिवाळे कोरडे गेले. जाळ्यात अडकायचे ते वटवटे आणि चिमण्या. बाजारात त्यांना कुणी विचारत नसे, म्हणून मास्तर पूर्वीही ते सोडूनच द्यायचे. पंखातला दोरा ते इतक्या हलक्या हातानं सोडवत, की पाखराला कळतही नसे.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी, शिट्टीला उत्तर आलं. एकच आवाज. एकटाच भारीट लव्हाळ्यात उतरला आणि जाळं थरथरलं.

"काका, आला!" मुलगी डबीतून कडी काढायला लागली.

मास्तर धावले. पंख सोडवले, पाय सोडवला. पाखरू मुठीत आलं. ऊबदार, पिवळंधमक. धंद्याची रीत अशी, की भारीट जाळ्यातून निघाला रे निघाला की छातीवर अंगठा दाबायचा. फडफडला तर मांस काळवंडतं, हॉटेलवाला भाव पाडतो. मास्तरांच्या डोक्यातून ती रीत कधीच गेली होती. अंगठ्यातून गेली नव्हती.

"द्या," मुलीनं हात पुढे केला.

मूठ उघडेना.

"काका?"

उघडली. मान लोंबत होती.

"शिव्या घाल," मास्तर म्हणाले. "दोन थोबाडीत दे. काहीतरी कर गं."

पापण्या पुसत तिनं पंखाची लांबी तेवढी मोजली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी जाळ्यातून मी काढीन."

"पुढच्या वेळी?"

मुलगी जाळं गुंडाळायला लागली. दुसरं टोक धरायला मास्तर पुढे झाले नाहीत.