ट्रेडमिलवरच्या व्हिडिओची माफी

माझी धाकटी जाऊ ट्रेडमिलवरून पडली तेव्हा ट्रेनर शेजारीच उभा होता. पट्ट्याचा वेग त्यानंच वाढवला होता, आणि मोबाइलही आधीपासून तिच्यावरच रोखलेला होता.

डॉक्टरांनी तिला शुगरसाठी व्यायाम सांगितला होता. एकटीला लाज वाटेल म्हणून सिडकोतल्या आमच्या घराजवळच्या जिममध्ये आम्ही दोघींनी नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रेसमधली ती जिमच्या इन्स्टाग्रामवर दिसली. दांडी गच्च धरलेली, मग गुडघ्यांवर आपटलेली. मागं ढोलताशे, वर लिहिलेलं, 'आंटी रॉक्स'.

"ताई, माहेरी कन्नडला माझ्या भाच्यानं बी पाह्यलं," ती म्हणाली. "लई हसले म्हनं घरात. आता मी नाय येत तिथं."

मी तडक गेले आणि त्या ट्रेनरवर ओरडले. तो च्युइंगगम चघळत म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. फेमस केलं मी त्यांना." आजूबाजूची पोरं हसली. मी घरी आले. वाळूजच्या कंपनीतून ड्यूटी करून आलेले आमचे हे म्हणाले, "कशाला त्याच्या नादी लागतीस? दुसरी जिम बघ."

"चूक त्यानं केली, अन् जिम मी बदलू?"

माझं एक मात्र चुकलं होतं. जो जिमच्या मालकांशिवाय कुणाचं ऐकणार नव्हता त्याच्यावर मी आवाज वाया घालवला होता. मालक संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला यायचे. मी जावेला म्हटलं, "तू बोलू नको. नुसती माझ्या बाजूला उभी राहा." बऱ्याच मिनतवारीनंतर ती तयार झाली.

मालकांनी आम्हाला आत केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, "नाही, इथंच बोलू." काउंटरपाशी नवीन नाव घालायला आलेल्या दोघी-तिघी बसल्या होत्या. मी आवाज चढवला नाही. हिनं सांगितलं नसताना ट्रेनरनं वेग वाढवला, पडल्यावर हात दिला नाही, न विचारता व्हिडिओ टाकला, एवढंच सांगितलं.

"मॅडम, पोरगं आहे, मस्करी केली," मालक म्हणाले. "तुम्ही दुपारी या ना. दुपारी तो नसतो."

"आम्ही आमच्याच वेळेला, सकाळीच येणार. व्हिडिओ आत्ता, माझ्यासमोर काढून टाका. आणि त्यानं हिची माफी मागायची, इथं, सगळ्यांदेखत. नाहीतर मी पोलीस स्टेशनला चालले."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

तेवढ्यात काउंटरपाशी बसलेली एक बाई म्हणाली, "आमचे पण व्हिडिओ काढता का हो तुम्ही?" मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी ट्रेनरला हाक मारली आणि त्याच्याच मोबाइलवरून व्हिडिओ डिलीट करायला लावला.

तो जमिनीकडं बघत पुटपुटला, "सॉरी, वाईट वाटलं असेल तर."

मी काही बोलणार, त्याआधीच माझी जाऊ पुढं झाली. "वाटलं असंल तर नाय. वाटलंच. मान वर कर अन् नीट बोल."

त्यानं मान वर केली. "चुकलं माझं. माफ करा."

पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या जिममध्ये गेला. मालकांनी काढलं की स्वतःहून गेला, मला माहीत नाही. व्हिडिओ कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये अजून असेलच, त्याला इलाज नाही. सकाळच्या बायकांपैकी काहीजणी मला भांडकुदळ म्हणतात, हेही कानावर आलंय. म्हणू देत. त्याच बायका आता वेग वाढवायच्या आधी नव्या ट्रेनरला थांबवतात आणि म्हणतात, "आधी विचारा."

जाऊ ट्रेडमिलवर पुन्हा चढली नाही. ती जिममधली सायकल चालवते, अगदी दारासमोरची, जिथून येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला बघतो.